गाडीच्या पोटातली घरघर : सेंटर बेअरिंग ओळखावे कसे, बदलावे कसे

भिवंडीहून तागे भरून निघालेला पिकअप घोडबंदर रोडवर चाळीसच्या पुढे गेला की खालून घरघर सुरू होते आणि वेग उतरला की बसते. ड्रायव्हर म्हणतो टायर वाजतात. गॅरेजवाला म्हणतो मागचे हौजिंग उघडावे लागेल. शेजारचा दुकानदार म्हणतो, गाडी विकून मोकळे व्हा. तिघांपैकी एकानेही गाडीखाली वाकून पाहिलेले नसते. ईदच्या आधीचे पंधरा-वीस दिवस कापडवाल्यासाठी वर्षाची कमाई असतात. नेमक्या त्या दिवसांत गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली तर किती तोटा होतो, हे व्यापारी वाचकांना वेगळे सांगायला नको.

अशा घरघरीमागे पुष्कळदा एक लहानसा पार्ट असतो. त्याला सेंटर बेअरिंग म्हणतात. टाटा ४०७, बोलेरो पिकअप यांसारख्या मालाच्या गाड्यांत तो असतो. चारही चाकांना ओढ देणाऱ्या, म्हणजे ऑल-व्हील ड्राइव्ह मोटारींतही तो असतो. होंडा सीआर-व्हीच्या त्या प्रकारच्या गाड्या आता जुन्या होऊन दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आल्या आहेत. २०१४ साली आलेल्या चारही चाके ओढणाऱ्या डस्टरही आता त्याच वयाला पोचल्या आहेत. आपल्यापैकी अनेकांनी अशा गाड्या स्वस्तात घेतल्या. गाडी स्वस्त मिळाली तरी तिचे पार्ट स्वस्त मिळत नाहीत, म्हणून हा विषय थोडा सविस्तर मांडतो.

हा पार्ट तिथे असतोच कशाला?

कांदिवलीकरांना हे जीपवरून चटकन समजेल. अकुर्ली रोडवरचा महिंद्राचा कारखाना आपल्या डोळ्यांसमोरचा. या कंपनीचे मूळ नाव महिंद्रा अँड मोहम्मद. १९४५ साली महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी मिळून ती पोलादाच्या व्यापारासाठी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ साली कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. तोवर विलीज जीपची जुळणी मुंबईत सुरू झाली होती. असो.

ती जुनी जीप चारही चाकांची होती, पण तिच्यात सेंटर बेअरिंग नव्हते. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर अवघे ८० इंच. मधल्या ट्रान्सफर केसमधून एक आखूड शाफ्ट पुढे जाई, एक मागे. शाफ्ट आखूड असला की सरळ फिरतो. लांब शाफ्ट मात्र विशिष्ट वेगाला मधोमध झोका खाऊ लागतो, दोन टोकांना धरून फिरवलेल्या दोरीसारखा. शाफ्टची लांबी निम्मी केली, तर हा धोक्याचा वेग चौपट वर जातो. म्हणून लांब गाडीत शाफ्टचे दोन तुकडे करतात आणि जोडावर, गाडीच्या पोटाखाली, एक बेअरिंग टांगतात. बेअरिंगभोवती जाड रबराचे कडे, रबराभोवती लोखंडी कंस आणि तो कंस दोन बोल्टांनी चॅसीला किंवा तळाला आवळलेला. शाफ्टचा थरथराट रबरात जिरावा आणि आत बसलेल्यांना कळू नये, ही त्यामागची योजना.

हा शाफ्ट किती फिरतो याचा हिशेब सोपा आहे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर. टायरचा घेर सुमारे २ मीटर धरला, तर चाकाचे मिनिटाला ५०० फेरे होतात. मागच्या डिफरन्शियलमध्ये चौपटीचे गिअर असतील, तर शाफ्टचे २००० फेरे. अकुर्ली रोडवरून निघून मालेगाव गाठेपर्यंत त्या बिचाऱ्या बेअरिंगने किती फेरे सोसले, ते ज्याचे त्याने मोजावे. चारही चाकांच्या मोटारींचे मालक कधी कधी म्हणतात, आम्ही चिखलात, डोंगरात कधी गेलोच नाही, मग मागचा शाफ्ट झिजला कसा? बहुतेक अशा गाड्यांत मागच्या चाकांना ताकद जात नसली तरी शाफ्ट फिरतच असतो. कोरड्या रस्त्यावरही त्याला सुट्टी नाही.

बेअरिंग दोन तऱ्हांनी जाते. एक, आतल्या गोळ्या आणि त्यांची कडी झिजतात, त्यामुळे घरघर येते. दोन, रबर फाटते. तेव्हा आवाज कमी आणि धक्का जास्त. भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये उचलताना तळाखाली थडथड होते, वेग घेतला की थांबते. पाणी हा बेअरिंगचा मोठा शत्रू. ते सीलबंद असते, तरी तासन् तास बुडून राहण्यासाठी केलेले नसते. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईतल्या हजारो गाड्या पाण्यात उभ्या होत्या. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. गाडी पोटापर्यंत बुडली की मालकाला इंजिन आणि सीट आठवतात, खालची बेअरिंगे आठवत नाहीत. पोईसर नदीच्या आसपास गाडी लावणाऱ्यांनी प्रत्येक पावसाळ्यानंतर एकदा गाडीखाली नजर टाकावी.

आधी ओळखा, मग पार्ट घ्या

इथे एक कडवी गोष्ट सांगितली पाहिजे. पार्ट बदलण्याची मजुरी आपण देतो, पण दोष शोधण्याची मजुरी द्यायला आपला हात खिशात जात नाही. मिस्त्रीने तासभर गाडी चालवून, खाली झोपून, कान लावून सांगितले की टायरच खराब आहेत, तर आपण म्हणतो, ‘‘काही केलेच नाही, पैसे कसले?’’ मग तो बिचारा काय शिकणार? तो शिकतो की पार्ट बदलला तरच पैसे मिळतात. कापडाच्या बाबतीत आपण असे वागत नाही. डिझाइन काढणाऱ्याला, नमुना विणणाऱ्याला आपण वेगळे पैसे देतो. गॅरेजचा कारागीरही हुनरवाला आहे. माझ्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याच्या पिकअपला असाच आवाज होता. एका गॅरेजने आधी चाकाची बेअरिंगे बदलली, नंतर दोन नवे टायर घालायला लावले. तिसऱ्या खेपेला दुसऱ्या एका वयस्क मिस्त्रीने शाफ्ट हाताने हलवून दोन मिनिटांत दोष दाखवला. त्याला मिळालेली मजुरी सर्वांत कमी होती.

तपासणी रस्त्यावर सुरू होते. मोकळा, सरळ रस्ता पाहा. ज्या वेगाला आवाज येतो त्या वेगाला गिअर बदलून बघा. त्याच वेगाला चौथ्यातही आणि तिसऱ्यातही तोच आवाज असेल, तर दोष इंजिनात नाही. मग न्यूट्रल करून गाडी वाहू द्या. आवाज तसाच राहून वेगाबरोबर उतरत गेला, तर तो शाफ्ट, चाके किंवा टायर यांचा. इंजिन मात्र बंद करू नका. ब्रेक जड होतात आणि स्टिअरिंग अडकण्याची भीती असते. ॲक्सिलेटर दाबल्यावर एक आवाज आणि सोडल्यावर दुसरा येत असेल, तर डिफरन्शियलचा संशय घ्यावा. गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुलवल्यावर आवाज कमी-जास्त झाला, तर बहुधा चाकाचे बेअरिंग. डांबरी रस्त्यावर वेगळा आणि सिमेंटच्या रस्त्यावर वेगळा आवाज असेल, तर टायर. सेंटर बेअरिंग या कशालाच दाद देत नाही. ते फक्त वेगाकडे बघून गाते.

चारही चाकांच्या मोटारीत आणखी एक फसगत होते. गाडी पार्किंगमध्ये पूर्ण वळवताना मागून कण्हल्यासारखा आवाज आणि थरथर येते, सरळ चालवताना काही नाही. सीआर-व्हीमध्ये हे पुष्कळदा मागच्या डिफरन्शियलमधले खास तेल जुने झाल्याने होते. तेल बदलले की आवाज जातो. मात्र कंपनीने सांगितलेलेच तेल घालावे, डब्यातले कुठलेही नव्हे. अशा गाड्यांत चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारख्याच झिजेचे हवेत. दोन नवे, दोन गुळगुळीत असा प्रकार केला, तर पुढच्या-मागच्या चाकांचे फेरे जुळत नाहीत आणि मधल्या यंत्रणेवर विनाकारण ताण येतो. टायरमध्ये वाचवलेले पैसे तिकडे जातात.

आता गाडीच्या खाली. इथे घाई करणाऱ्याने हे काम करूच नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कितीही जुना उस्ताद असला तरी, शिरायचे नाही. सपाट जमीन, मजबूत लोखंडी घोड्या आणि जमिनीवर असलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे हवेत. चारही चाकांची गाडी दोनच चाकांवर उचलून इंजिनवर गिअरमध्ये कधीही चालवू नये. जमिनीवरची चाके ओढ घेतात आणि गाडी घोडीवरून उडी मारते. चालवून ऐकायचेच असेल, तर चारही चाके अधांतरी असलेल्या लिफ्टवर आणि जाणत्या माणसाच्या हातून. नाहीतर चाके मोकळी करून शाफ्ट हाताने फिरवला तरी बहुतेक गोष्टी कळतात.

शाफ्ट बेअरिंगजवळ दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. रबराचा थोडा लवचीकपणा जाणवणारच, तो दोष नव्हे. पण ‘टक्’ असा लोखंडाचा आवाज आला, किंवा शाफ्ट खाली बसून कंसाला टेकलेला दिसला, तर निकाल लागला. मग बॅटरी घेऊन रबराच्या कड्याभोवती चिरा बघा. तळावर बेअरिंगच्या रेषेत ग्रीसचा पट्टा उडालेला असेल, तर सील फुटले आहे. क्रॉसजवळ विटकरी रंगाची भुकटी दिसली, तर क्रॉसच्या आतल्या सुया कोरड्या पडल्या आहेत. तेव्हा नुसते सेंटर बेअरिंग बदलून काम होणार नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक कंसाला लावून मुठीवर कान टेकावा आणि कोणाला तरी शाफ्ट हाताने फिरवायला सांगावे. चांगले बेअरिंग जवळजवळ गप्प असते, खराब झालेले वाळू दळल्यासारखे बोलते.

दुर्लक्ष केले तर? रबर पूर्ण तुटले की शाफ्ट मधोमध लोंबतो आणि फिरता फिरता तळावर आदळतो. जवळून जाणाऱ्या ब्रेकच्या आणि डिझेलच्या नळ्या तो फाडू शकतो. कसारा घाटात भरल्या गाडीसह ही वेळ यावी, असे कोणालाही वाटणार नाही.

पूर्ण शाफ्ट की नुसते बेअरिंग?

अनेक मोटार कंपन्या सेंटर बेअरिंग सुटे विकत नाहीत, पूर्ण शाफ्टच विकतात. त्यामुळे सर्व्हिस सेंटरमध्ये शाफ्टचे बिल हाती येते आणि बेअरिंगच्या मानाने ते फारच मोठे असते. सर्व्हिस सेंटरवाला खोटे बोलतो असे नाही. त्याच्या यादीत सुटा पार्टच नसतो. पण बाजारात बहुतेक गाड्यांसाठी कंस, रबर आणि बेअरिंग असा तयार जोड मिळतो. प्रेस असलेला कारागीर तो बसवून देतो. मालाच्या गाड्यांचा जोड तर सर्रास मिळतो.

माझे मत असे की शाफ्ट सरळ असेल, क्रॉस घट्ट आणि गुळगुळीत फिरत असतील, तर नुसते बेअरिंग बदलावे. क्रॉस गेले असतील, तर आधी ते बदलता येणारे आहेत का ते पाहावे. काही मोटारींत क्रॉसच्या टोप्या ठोकून कायमच्या बसवलेल्या असतात. त्या काढून नवे क्रॉस घालणे आणि शाफ्ट पुन्हा बॅलन्स करणे हे खास यंत्राचे काम आहे, गल्लीतल्या हातोड्याचे नव्हे. अशा वेळी कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून शाफ्ट आणण्याचा मोह होतो. आणायला हरकत नाही, पण तोही तितकेच किलोमीटर चाललेला असू शकतो. सेंटर बेअरिंग हलवून आणि क्रॉस मुरगळून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

नवा माल ऑपेरा हाऊसच्या पार्ट बाजारात मिळतो. सुटे बेअरिंग हवे असेल, तर नागदेवी स्ट्रीट. जुने बेअरिंग बरोबर न्यावे. त्याच्या कडीवर नंबर कोरलेला असतो आणि तो वाचता आला तर दुकानदार फसवू शकत नाही. साध्या गोळीच्या बेअरिंगमध्ये नंबरच्या शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणले की आतल्या भोकाचे माप मिलिमीटरमध्ये निघते. ०४ पासून पुढच्या अंकांना हा नियम लागू पडतो. ६२०६ असेल तर सहा गुणिले पाच, म्हणजे ३० मिलिमीटर. ६३०६ चे भोकही ३० च, पण बाहेरचे माप ६२ ऐवजी ७२ आणि जाडी १६ ऐवजी १९. म्हणून ‘‘भोक तेच आहे, चालून जाईल’’ म्हणणाऱ्याचे ऐकू नये. नंबरापुढे ‘२ आरएस’ असेल, तर दोन्ही बाजूंना रबरी सील आहे. गाडीखाली तेच हवे. सेंटर बेअरिंगचे माप पुष्कळदा नेहमीपेक्षा वेगळे असते, तेव्हा जुन्याशी ताडून घेणे सर्वांत बरे. नामांकित कंपन्यांच्या नावाचा बनावट माल बाजारात येतो, हे कापडवाल्यांना वेगळे सांगायला नको. आपल्याकडेही शिक्क्याचा माल आणि शिक्का मारलेला माल वेगळा असतो. पक्के बिल घ्यावे आणि अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावे. बिल द्यायला नाखूष असलेल्या दुकानदाराचा माल कसा असेल, याचा अंदाज येतोच.

बसवण्याचे काम

शाफ्ट उतरवण्याआधी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा शाफ्ट काढला की गिअरमध्ये ठेवलेली गाडीही मोकळी होते, कारण इंजिन आणि चाके यांचे नाते तुटते. उतारावर ती चालू लागेल. जुन्या विलीज घडणीच्या जीपमध्ये तर हँडब्रेकही चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या टोकाला असतो. मागचा शाफ्ट काढला की हँडब्रेक ओढूनही उपयोग नाही. म्हणून ठोकळे हवेतच.

पहिले काम खुणांचे. मागची फ्लँज, शाफ्टचे दोन्ही तुकडे आणि त्यांचा जोड, सर्वांवर आरपार रंगाची रेघ ओढावी. हे दोन्ही तुकडे कारखान्यात ठरावीक स्थितीत जुळवून बॅलन्स केलेले असतात. एका खाचेचाही फरक पडला, तर बेअरिंग नवे असूनही गाडी थरथरते आणि मग मिस्त्रीवर भांडण ओढवते. खडूची खूण ग्रीसच्या हाताने पुसली जाते. रंग किंवा पंचाचा ठोका बरा. कंसाच्या बोल्टाखाली पत्र्याच्या चकत्या असतील, तर त्या कुठल्या बाजूला किती होत्या ते लिहून ठेवावे. शाफ्टचा कोन त्यांच्यावर ठरलेला असतो.

फ्लँजचे बोल्ट सोडण्याआधी शाफ्टला आधार द्यावा. तो एका क्रॉसवर लोंबकळू देऊ नये, चांगला क्रॉसही त्याने बिघडतो. शाफ्ट गिअरबॉक्सच्या शेपटीत सरकून बसणारा असेल, तर काढताच तेल गळेल, खाली भांडे ठेवावे.

टेबलावर आल्यावर जोडाचा नट किंवा सर्क्लिप काढून योक पुलरने खेचावा. हातोड्याने ठोकून काढणारे पुष्कळ भेटतात. योकच्या कानाला एक चुकीचा ठोका बसला की क्रॉसची जागाच वाकडी होते. जुने बेअरिंग निघाल्यावर शाफ्टवरची जागा साफ करून बोटाने तपासावी. तिथे पायरी पडली असेल किंवा नवे बेअरिंग हाताने सहज सरकत असेल, तर काम थांबवावे. आतली कडी शाफ्टवर फिरत होती असा त्याचा अर्थ. त्या जागी नवे बेअरिंग टिकणार नाही. जाणकार टर्नरकडून जागा भरून घ्यावी किंवा शाफ्ट बदलावा.

नवे बेअरिंग प्रेसने बसवावे आणि दाब फक्त आतल्या कडीवर द्यावा. त्या मापाचा पाइपचा तुकडा घेतला की झाले. बाहेरच्या कडीवर किंवा रबरावर दाब दिला, तर गोळ्यांच्या रस्त्यावर बारीक खड्डे पडतात आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी बोलू लागते. मग दोष दुकानदाराला लागतो. धूळ अडवणाऱ्या पत्र्याच्या टोप्या जशा होत्या तशाच उलट-सुलट न करता बसवाव्यात. काही कंसांवर पुढची बाजू दाखवणारा बाण असतो. ठोकून अडवलेला नट पुन्हा वापरू नये, नवा घ्यावा आणि कंपनीने दिलेल्या मापाला टॉर्क पान्याने आवळावा. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीकडे किंवा पोईसरला नवे गॅरेज टाकणाऱ्या तरुण कारागिरांना माझे सांगणे आहे की लहान हायड्रॉलिक प्रेस, चांगला पुलर आणि टॉर्क पाना ही तीन हत्यारे आधी घ्यावीत, बोर्डावरची रोषणाई नंतर.

शाफ्ट गाडीखाली लावताना खुणा जुळवून फ्लँजचे बोल्ट आवळावेत, पण कंसाचे दोन बोल्ट आधी सैलच ठेवावेत. गाडीचे वजन चाकांवर आल्यावर शाफ्ट आपल्या नैसर्गिक जागी येतो. रबर पुढे-मागे ताणलेले नाही हे पाहून मग कंस आवळावा. ही पायरी गाळली तर नवे रबर काही महिन्यांत फाटते. सरकत्या खाचांना ग्रीस लावावे. क्रॉसला ग्रीसची निपल असतील, तर चारही टोकांतून ताजे ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारावा.

पहिली फेरी रिकाम्या गाडीची, सावकाश. मग ज्या वेगाला आवाज येत होता त्या वेगाला, शक्यतो त्याच रस्त्यावर. त्यानंतर माल भरून पहिल्या गिअरमध्ये उचलून बघावी, कारण रबराची खरी परीक्षा तिथे होते. आठवड्याभराने फ्लँजचे आणि कंसाचे बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासून घ्यावेत. काढलेले बेअरिंग मिस्त्रीकडून मागून घ्यावे, त्यावरचा नंबर गाडीच्या कागदांबरोबर लिहून ठेवावा आणि तारीख व किलोमीटरही टाकावेत.